नदीकाठचा अकीक : रंगभेद, गुणधर्म आणि पारख

(इयत्ता ५ वी ते ७ वी. परिसर-अभ्यास व सामान्य विज्ञान यांसाठी पूरक पाठ)

पाठाचे प्रयोजन

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील बहुतेक शाळांच्या आसपास नदी, ओढा, कालवा किंवा नव्याने खणलेली विहीर यांपैकी काही ना काही असतेच. कऱ्हा नदी बारामती तालुक्यातून वाहत येऊन नीरेस मिळते, आणि नीरा नरसिंहपूर येथे नीरा भीमेस मिळते. या नद्यांच्या पात्रांतील गोट्यांमध्ये पांढरे, तांबूस, पिवळसर व पट्टेदार खडे आढळतात. मुले ते वेचतात, खिशात भरून शाळेत आणतात आणि 'गुरुजी, हा कोणता दगड?' असे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाजवळ असावे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ते उत्तर मुलांनी स्वतः कसे शोधावे हे शिक्षकास दाखविता यावे, एवढ्यासाठी हा पाठ आहे.

या प्रश्नाला व्यवहाराचीही एक बाजू आहे. तांबडा खडा दिसला की तो माणिक, हिरवा दिसला की पाचू, पिवळा दिसला की पुष्कराज, अशी रंगावरून नाव देण्याची सवय लोकांत रूढ आहे. याच सवयीच्या आधारावर रंगीत काच आणि रंगविलेले दगड रत्न म्हणून खपविले जातात. संकटात सापडलेले कुटुंब मजुरीचे पैसे साठवून अंगठीचा खडा विकत घेते, आणि पुष्कळदा तो काचेचा निघतो. ज्या मुलास परीक्षा केल्यावाचून नाव न देण्याची सवय लागली, ते मूल मोठेपणी सहजासहजी फसणार नाही. 'रंग ही दगडाची ओळख नव्हे' हे या पाठाचे मुख्य सूत्र असून पुढील सर्व विवेचन त्याच्याच पुष्टीसाठी आहे.

अकीक कोठून आला?

महाराष्ट्राचा बराच मोठा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्ट नावाच्या खडकाचा बनलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त शिलारस वर आला, पसरला आणि थिजला. असे थरावर थर साचत गेले. सह्याद्रीच्या कड्यांवर पायऱ्यांसारख्या ज्या आडव्या रेघा दिसतात, त्या या थरांच्याच होत.

शिलारसात वायू व वाफ कोंडलेली होती. रस थिजताना ती बुडबुड्यांच्या रूपाने वर येऊ लागली आणि थराच्या वरच्या भागात अडकून राहिली. धिरड्यास किंवा अनारशास जशी जाळी पडते, तशी त्या खडकास पडली. विहीर खणणारे ज्यास 'मांजऱ्या' म्हणतात, तो हा जाळीदार खडक होय. पुढे दीर्घकाळ या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिले. त्या पाण्यात विरघळलेली सिलिका पोकळीच्या भिंतीवर पातळ थरांनी साचत गेली. बाहेरून आत असे एकात एक थर बसले, म्हणून अकीकाचा गोटा फुटला की त्यात कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे पट्टे दिसतात. मध्ये जागा उरली असेल, तर तेथे सहा बाजूंचे टोकदार स्फटिक वाढलेले आढळतात.

ऊन, पाऊस आणि हवा यांमुळे काळा पाषाण झिजतो. त्याचा प्रथम मुरूम होतो आणि पुढे काळी माती बनते. अकीक मात्र इतका टिकाऊ आहे की सभोवतालचा खडक मातीस मिळाला तरी तो तसाच राहतो. म्हणूनच तो नांगरलेल्या रानात वर येतो, आणि पुराबरोबर वाहत जाऊन नदीच्या पात्रात गुळगुळीत होऊन पडतो. 'खडकात जन्मलेला दगड शेतात कसा आला?' हा प्रश्न मुलांपुढे अवश्य ठेवावा. त्याच्या उत्तरात जमिनीच्या घडणीचा अर्धा पाठ येऊन जातो.

गुणधर्म

गार, स्फटिक आणि अकीक ही एकाच द्रव्याची रूपे आहेत. त्या द्रव्यास सिलिका म्हणतात. सिलिकॉनचा एक अणू व ऑक्सिजनचे दोन अणू या प्रमाणात ती बनते. कण मोठे व स्पष्ट असले म्हणजे तिला स्फटिक किंवा साधी गार म्हणतात. कण डोळ्यांनी न दिसण्याइतके सूक्ष्म असले म्हणजे तिला कॅल्सेडोनी म्हणतात, आणि कॅल्सेडोनीत पट्टे असले म्हणजे तो अकीक.

(१) काठिण्य : फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या काठिण्याचा १ ते १० असा क्रम लावला. त्यात शंखजिरे १ वर असून हिरा १० वर आहे. गारेचे स्थान ७ वे आहे. माणिक व नीलम ९ वर येतात. साध्या काचेचे काठिण्य साडेपाचच्या आसपास असते. हे आकडे केवळ क्रम दाखवितात. ८ क्रमांकाचे खनिज ४ क्रमांकाच्या दुप्पट कठीण, असा त्यांचा अर्थ नव्हे.

(२) घनता : एवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा गार सुमारे २.६५ पट जड असते. अकीक सच्छिद्र असल्यामुळे किंचित हलका भरतो.

(३) फूट : अभ्रकाचे जसे पापुद्रे निघतात, तशी गार ठराविक पातळ्यांवर फुटत नाही. तिचा तुकडा शिंपल्याच्या आतील बाजूसारखा वक्र निघतो आणि त्याची कड पात्यासारखी धारदार असते.

(४) चमक व पारदर्शकता : स्फटिकास काचेसारखी चमक असते, तर अकीकाची चमक मेणासारखी मंद असते. अकीकातून पलीकडचे दिसत नाही, परंतु त्याच्या पातळ कडेतून उजेड झिरपतो.

काठिण्याचे व्यावहारिक महत्त्व मुलांस सांगावे. रस्त्यावरील धुळीत गारेचे कण असतात. जो खडा गारेहून मऊ असतो, त्यावर रोजच्या वापरात ओरखडे पडून त्याची झिलई जाते. पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट नावाचे निळेभोर खनिज सापडते आणि त्याचे उत्तम नमुने जगभरच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. परंतु त्याचे काठिण्य ३ ते ४ एवढेच असल्यामुळे अंगठीत तो खडा टिकणार नाही.

रंगांचे प्रकार आणि त्यांची कारणे

शुद्ध सिलिकेस रंग नसतो. तीत मिसळलेल्या अत्यल्प अन्य द्रव्यांमुळे रंग येतो.

पांढरी वा करडी, दुधाळ : साधी कॅल्सेडोनी. आपल्या नद्यांत ही पुष्कळ आढळते.

नारिंगी ते तांबूस, अर्धपारदर्शक : कार्नेलियन. हा रंग लोहाच्या ऑक्साइडाचा.

पट्टेदार : अकीक. पट्टे सरळ, काळे व पांढरे असल्यास त्यास ऑनिक्स म्हणतात. बाजारात अशा पट्टेदार खड्यांस सुलेमानी असेही नाव आहे.

शेवाळी : दगडात शेवाळ किंवा झाडाची फांदी अडकल्यासारखी दिसते. ती वनस्पती नव्हे. लोह व मँगनीज यांची ऑक्साइडे किंवा हिरवी खनिजे आत पसरून तो आकार होतो.

गडद लाल, पिवळा वा तपकिरी, अपारदर्शक : जास्पर. यात लोहयुक्त द्रव्य इतके मिसळलेले असते की उजेड आरपार जात नाही.

हिरव्यावर लाल ठिपके : ब्लडस्टोन.

जांभळा, स्फटिकरूप : ॲमेथिस्ट. यातही रंगाचे मूळ लोहच आहे. खडकातील नैसर्गिक किरणोत्सर्गाचा लोहावर दीर्घकाळ परिणाम होऊन जांभळी छटा येते. हा खडा तापविला तर पुष्कळदा पिवळा होतो.

या यादीतून मुलांनी पुढील निष्कर्ष काढावा : एकाच द्रव्याने इतके रंग धारण केले, आणि एकाच लोहाने तांबडा, पिवळा व जांभळा असे निरनिराळे रंग दिले. तेव्हा रंगावरून द्रव्य ठरत नाही.

याच्या उलट बाजूचेही उदाहरण द्यावे. माणिक आणि नीलम ही दोन निराळी रत्ने मानली जातात. वस्तुतः दोन्ही कुरुंद या एकाच खनिजाची रूपे आहेत. क्रोमियममुळे ते लाल होते, तर लोह व टायटॅनियम यांमुळे निळे होते. आणि इंग्लंडच्या राजमुकुटातील 'ब्लॅक प्रिन्सचा माणिक' म्हणून शतकानुशतके गाजलेला लाल खडा माणिक नसून स्पिनेल नावाचे अगदी वेगळे खनिज आहे. राजांचे जवाहिरेही रंगाला भुलले, हे ऐकून मुलांस गंमत वाटेल.

भट्टीत बदललेला रंग

गावच्या वीटभट्टीत पिवळसर माती भाजली की तांबडी वीट होते. मातीतील लोहसंयुगाशी बांधलेले पाणी उष्णतेने निघून जाते आणि लाल ऑक्साइड उरते. अकीकाच्या बाबतीतही नेमके हेच घडते. गुजरातेत राजपिपळ्याच्या डोंगराळ भागात रतनपूर येथे निघणारा पिवळट-तपकिरी अकीक खंबायतचे कारागीर उन्हात वाळवितात, मडक्यात घालून मंद आचेवर भाजतात आणि त्यास लाल करतात. ही विद्या फार जुनी आहे. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिंधू संस्कृतीचे कारागीर लाल कार्नेलियनचे मणी घडवीत होते, आणि ते मणी समुद्रमार्गे मेसोपोटेमियापर्यंत जात होते.

अकीकाच्या सच्छिद्र थरांत रंगही मुरतो. साखरेच्या पाकात भिजविलेला अकीक तीव्र गंधकाम्लात ठेवला की साखरेचा कोळसा होऊन थर काळे पडतात. जर्मनीतील इडार-ओबरश्टाइन या गावी १९ व्या शतकात असे रंगकाम मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. आज बाजारात दिसणारे भडक निळे, गुलाबी व हिरवे अकीक बहुधा रंगविलेले असतात. रंगविणे हा गुन्हा नव्हे, परंतु रंगविलेला खडा नैसर्गिक म्हणून विकणे ही फसवणूक होय, हा भेद वर्गात स्पष्ट करावा.

शाळेत करावयाच्या परीक्षा

साहित्य : मुलांनी आणलेले खडे, लोखंडी खिळा, जाड काचेचा गुळगुळीत कडांचा तुकडा (जुन्या बाटलीचा अखंड तळ उत्तम), लिंबू, मापाच्या खुणा असलेले भांडे, तराजू.

पहिली, उजेडाची. खडा ओला करून सूर्याच्या दिशेने नव्हे, तर उजळ भिंतीकडे धरावा. कडेतून उजेड येतो काय, पट्टे दिसतात काय, हे पाहावे. काचेत पुष्कळदा गोल बुडबुडे आढळतात.

दुसरी, ओरखड्याची. प्रथम खिळ्याने खड्यावर ओरखडा ओढावा, नंतर खड्याच्या कडेने काचेवर. उमटलेली रेघ ओल्या बोटाने पुसून पाहावी. पुसली गेली तर ती केवळ झिजलेल्या मऊ वस्तूची पूड असते, राहिली तर खरा ओरखडा. गारेवर खिळ्याचा ओरखडा पडत नाही आणि गार काचेवर ओरखडा पाडते.

तिसरी, आम्लाची. खड्यावर लिंबाच्या रसाचे थेंब टाकावेत. काळ्या रानात सापडणारी चुनखडी व खडकातील कॅल्साइट यांवर बारीक बुडबुडे येतात. खड्याची थोडी पूड निघत असेल तर ते अधिक स्पष्ट दिसतात. गारेवर मुळीच येत नाहीत.

चौथी, फुटीची. मुळातच फुटलेला खडा घ्यावा आणि त्याची कड व वक्रता भिंगातून पाहावी. यासाठी वर्गात खडे फोडू नयेत. उडालेली कपची डोळ्यास इजा करते.

पाचवी, वजनाची. समजा, खड्याचे वजन ५३ ग्रॅम भरले. भांड्यातील पाण्यात तो बुडविला असता पाणी २० मिलिलिटरने वर चढले. ५३ ÷ २० = २.६५. येथे गणित व विज्ञान यांचा मेळ सहज साधतो. काचेची घनताही यापासून फार दूर नसते, म्हणून या परीक्षेस ओरखड्याच्या परीक्षेची जोड द्यावी. कोणत्याही एका परीक्षेवर निकाल देऊ नये.

वर्गातील संवादाचा नमुना

शिक्षक : हे दोन पांढरे खडे. दोन्ही एकच आहेत का?
विद्यार्थी : हो गुरुजी, दोन्ही पांढरेच आहेत.
शिक्षक : खिळ्याने ओढून पाहा बरे.
विद्यार्थी : यावर रेघ पडली, त्यावर पडली नाही.
शिक्षक : आता दोहोंवर लिंबू पिळा.
विद्यार्थी : रेघ पडली त्यावरच बुडबुडे आले.
शिक्षक : मग हे दोन एकच की वेगळे?
विद्यार्थी : वेगळे, गुरुजी. हा चुन्याचा आणि ती गार.
शिक्षक : हे रंगाने सांगितले का?
विद्यार्थी : नाही, खिळ्याने आणि लिंबाने सांगितले.

उत्तर चुकले तरी शिक्षकाने ते लगेच दुरुस्त करू नये. पुढील परीक्षा करावयास सांगावी.

पूर्वीच्या माणसांची पारख

शिरूर तालुक्यातील इनामगाव हे घोड नदीच्या काठी आहे. घोड पुढे भीमेस मिळते, आणि भीमा इंदापूर तालुक्याच्या सीमेवरून वाहते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इनामगाव येथे उत्खनन केले. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ती वस्ती होती. त्या लोकांजवळ तांबे थोडे होते, म्हणून कापण्या-सोलण्याची नित्याची कामे ते कॅल्सेडोनीच्या पात्यांनी करीत. कार्नेलियन, अकीक व जास्पर यांचे मणीही तेथे मिळाले आहेत. पात्यासाठी त्यांनी दगड निवडला तो त्याच्या फुटीसाठी आणि धारेसाठी. दागिन्यासाठी मात्र रंग पाहिला. दगडाचा उपयोग त्याच्या गुणधर्मावरून ठरतो, हे त्या लोकांना कामातून कळले होते.

आपल्या परिसरात एके ठिकाणी पुष्कळशी धारदार पाती, मणी व खापरे आढळली, तर मुलांनी ती उचलून आणू नयेत. जागा ध्यानात ठेवून शिक्षकांस सांगावे, आणि शिक्षकांनी पुरातत्त्व विभागास अथवा डेक्कन कॉलेजास कळवावे. वस्तू जागेवरून हलली की तिच्याकडून मिळणारी माहिती बव्हंशी नष्ट होते.

झिलईमागचे कष्ट

अकीकाच्या मण्यावरील झिलई पाहताना ती आणणाऱ्या हातांचाही विचार व्हावा. अकीक चाकावर घासताना सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ उडते. ती श्वासाबरोबर फुफ्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस नावाचा रोग होतो. त्यावर बरे करणारा उपाय नाही. खंबायतच्या घासकाम करणाऱ्या कारागिरांत, आणि त्यांच्या घरांतील माणसांतही, हा रोग आढळला आहे. पाण्याखाली घासणे, धूळ ओढून घेणारी यंत्रे बसविणे आणि काम राहत्या घरापासून दूर ठेवणे हे त्याच्या प्रतिबंधाचे मार्ग आहेत. दगड फोडणे, खडी करणे व विहिरीचा कातळ छिद्रणे या कामांतही सिलिकायुक्त धूळ उडू शकते. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचे आईवडील अशी कामे करतात. नाकातोंडास योग्य मुखपट्टी बांधावी आणि दगडावर पाणी मारून काम करावे, एवढा निरोप मुलांमार्फत घरी गेला तरी या पाठाचे मोठे काम झाले. वर्गात खडे घासून चमकविण्याचा उपक्रम याच कारणास्तव करू नये.

शिक्षकांसाठी सूचना

१. खडे वेचावयास नेताना उघड्या, कोरड्या वाळवंटातच न्यावे. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी, कालव्यात व अर्धवट खणलेल्या विहिरींजवळ मुलांस नेऊ नये.

२. प्रत्येक मुलाने तीनच खडे आणावेत. काठ उकरू नये.

३. खडे भट्टीत किंवा चुलीत तापवून पाहण्याचा प्रयोग मुलांस करू देऊ नये. तापलेला दगड फुटून उडतो.

४. घरात ग्रहांचे खडे वापरीत असल्यास मुलांपुढे त्यांची थट्टा करू नये. खडा खरा की काच, एवढ्याच प्रश्नापुरते बोलावे. विकत घेण्यापूर्वी प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे, हे मात्र सांगावे. अंगठीतील खड्यावर ओरखड्याची परीक्षा करू नये.

५. सहल योजता आल्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्व संग्रहालय आणि सिन्नर येथील गारगोटी संग्रहालय पाहण्याजोगी आहेत.

६. शाळेत खड्यांची एक पेटी करावी. प्रत्येक खड्याच्या चिठ्ठीवर सापडल्याचे ठिकाण, दिनांक, वेचणाऱ्याचे नाव, केलेल्या परीक्षा व त्यांचे निकाल लिहावेत, आणि खड्याचे नाव सर्वांत शेवटी लिहावे. परीक्षा अपुऱ्या असतील तर 'अनिश्चित' असे लिहावे. ज्या पेटीत दोन-चार चिठ्ठ्यांवर हा शब्द असेल, ती पेटी प्रामाणिकपणे केलेली आहे असे समजावे.

स्वाध्याय

१. अकीकात पट्टे का असतात? आकृती काढून सांगा.
२. काळा पाषाण झिजला तरी अकीक का उरतो?
३. एक लाल खडा खिळ्याने ओरखडला जातो. तो कार्नेलियन असेल काय? कारण द्या.
४. एका खड्याचे वजन ७८ ग्रॅम असून त्याने ३० मिलिलिटर पाणी सारले. त्याची घनता काढा. तो गारेच्या जातीचा असू शकेल काय? आणखी कोणती परीक्षा कराल?
५. वीट आणि कार्नेलियन यांच्या लाल रंगात कोणते साम्य आहे?
६. घरातील किंवा शेजारील दगडकाम करणाऱ्या व्यक्तीस धुळीपासून बचाव कसा करावा ते सांगा, आणि त्यांचे म्हणणे पाच ओळींत लिहून आणा.